'विजेता'तला मुलगा आणि त्याचे घर

गेल्या वैशाखात आमच्या करकंबचा एक जुना विद्यार्थी आईला घेऊन माझ्याकडे आला. मुलगा बारावीला. त्याला खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेला बसायचे होते आणि आईला ते मुळीच नको होते. "गुरुजी, तुम्हीच समजवा याला," ती माउली म्हणाली; "गुरुजी, तुम्हीच समजवा आईला," चिरंजीव म्हणाले! मास्तरकीत असे प्रसंग येतात. मी कोणालाच समजावले नाही. दोघांना बसवून १९८२ सालचा 'विजेता' हा हिंदी चित्रपट दाखवला.

दिग्दर्शन आणि छायालेखन गोविंद निहलानींचे, निर्मिती शशी कपूर यांची. पडद्यावरचे बाप-लेक खऱ्या आयुष्यातलेही बाप-लेक, शशी कपूर आणि कुणाल कपूर. कथा-पटकथा मात्र आपल्या दिलीप चित्रे यांची. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणाऱ्या कवीने लढाऊ वैमानिकाची गोष्ट लिहावी, याचे पंढरपूर तालुक्यात राहणाऱ्या मला मोठे नवल वाटले. चित्रपट पाहिल्यावर ते उरले नाही.

कारण ही गोष्ट विमानांची नाहीच. अंगदचे वडील शीख, आई मराठी. दोघांचा संसार विटलेला. त्या अबोल्यात वाढणाऱ्या पोराला आपण कोण, हेच उमगत नाही. तो वायुदलात जायचे ठरवतो, ते देशप्रेम उचंबळून आले म्हणून नव्हे. घरात ज्याला कसलाच आधार नाही, त्याला पहाटेचा बिगूल आणि पायाला पाय लावून चालणारी रांग हाच आधार वाटतो. हे लेखकाने फार प्रामाणिकपणे ओळखले आहे. प्रबोधिनीतली कवायत, पुढचे विमानशिक्षण, १९७१ चे युद्ध, सारे उत्तम टिपले आहे. मिग-२१ ची उड्डाणे तर पाहतच राहावीत. परंतु माझ्या मनात राहिली ती रेखाने केलेली आई. या चित्रपटातली खरी प्रेमकथा तिची आणि तिच्या नवऱ्याची आहे, आणि मुलगा मोठा होतो तो त्या दोघांकडे माणसे म्हणून पाहू लागतो तेव्हा.

अंगदची स्वतःची प्रेमकथा मात्र फिकी पडली आहे. त्याला शिकवणाऱ्या वर्गीस यांची मुलगी अ‍ॅना. सुप्रिया पाठक यांनी तिला गोडवा दिला खरा, परंतु तिच्या वाट्याला मुख्यत्वे अंगदला समजून घेणे तेवढे आले. त्याच वर्षी अमेरिकेत 'अ‍ॅन ऑफिसर अँड अ जंटलमन' आला. त्यातही बापाने बिघडवलेले घर, कठोर शिक्षण आणि एक मुलगी. ती कागदाच्या गिरणीत राबते. शेवटी नायक पांढऱ्या गणवेशात येऊन तिला उचलून नेतो. प्रेक्षक टाळ्या पिटतात. मला आपल्या चित्रपटाचा संयम अधिक आवडला. पण दोन्हीकडे वाढ होते ती मुलाचीच, हे खटकतेच. खडकवासल्याला मुलींना प्रवेश मिळाला २०२२ साली, आणि मे २०२५ मध्ये त्यांची पहिली तुकडी, सतराजणींची, बाहेर पडली. आजची अ‍ॅना कदाचित अंगदच्या शेजारच्या रांगेत उभी असती. मग पटकथा पुष्कळ बदलावी लागली असती, आणि चित्रे यांनी ती हौसेने बदलली असती असे मला वाटते.

आशा भोसले आणि सत्यशील देशपांडे यांचे अहिरभैरवातले गाणे लागले, तेव्हा माउलीने पदर डोळ्यांना लावला. मुलाला विमानांवाचून काही दिसत नव्हते. चित्रपट संपल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग मला विचारले, "गुरुजी, त्या पोराच्या घरात भांडण होतं म्हणून तो गेला. आमच्या घरात तर तसं काही नाही. मग हा का जातोय?"

मी मुलाकडे पाहिले. तो खाली पाहत होता. त्याचे वडील त्या दिवशी आले नव्हते, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.