समजूत काढणारा माणूस : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजांवरील लेखन वाचताना

अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५२ साली ठकांच्या धंद्यावर एक निबंध लिहिला. टोळी एखाद्याला गंडवते, पैसे घेऊन पसार होते. पण जाताना आपला एक माणूस मागे ठेवते. गंडवल्या गेलेल्याच्या शेजारी बसून त्याची समजूत काढायची, एवढेच त्याचे काम. मग तो आरडाओरडा करत नाही, पोलिसांत जात नाही, झाले त्यात आपलेच चुकले असे मानून घरी जातो. आठ वर्षांनी बर्टन क्लार्क याने ही उपमा उचलली आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील ज्युनिअर कॉलेजला लावली.

या कॉलेजचे दार सर्वांना उघडे. प्रवेशाला अट नाही, आणि येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पुढे विद्यापीठात जायचे असते. मग प्रवेशाआधी चाचणी होते. गुण कमी पडले की खालच्या वर्गात बसावे लागते. समुपदेशकाची भेट होते, स्वतःला ओळखायला शिकवणारा एक परिचयवर्ग होतो, प्रगती असमाधानकारक असल्याच्या चिठ्ठ्या येतात, शेवटी परिवीक्षा. ‘नाही’ असे कोणीच म्हणत नाही. दीडदोन वर्षांत विद्यार्थी स्वतःच म्हणू लागतो की मला हे झेपणारे नाही, आणि एखाद्या छोट्या व्यवसाय-अभ्यासक्रमाकडे वळतो. क्लार्कच्या मते ‘थंड करणे’ हे या संस्थेचे कार्यच आहे. तो याचा निषेध करत नाही. वीस वर्षांनी त्याने या निबंधाकडे पुन्हा वळून पाहिले, तेव्हाही दुसरे पर्याय याहून वाईट ठरतील असाच त्याचा सूर होता.

मी हा निबंध पन्नाशीच्या उंबरठ्यावर वाचला, आणि दोन दिवस दुसरे काही वाचू शकलो नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी नापास झाल्यावर एका सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितले होते, ‘अरे, प्रत्येकाला सगळेच जमत नाही. नोकरीचे बघ.’ मी कॉलेज सोडले. पुढचे सगळे वाचन सार्वजनिक वाचनालयात, नोकरी सांभाळून झाले. त्या सरांविषयी मला तीस वर्षे कृतज्ञता होती. त्यांचा हेतू आजही मला वाईट वाटत नाही. पण क्लार्क वाचल्यावर प्रथमच मनात आले की, माझ्या शेजारी कोण बसले होते? म्हणून हे लेखन मी तटस्थपणे वाचलेले नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या कॉलेजांचा उगमच दुहेरी आहे. १९०१ साली इलिनॉयमधील जोलिएट येथे पहिले सार्वजनिक ज्युनिअर कॉलेज निघाले ते शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि तिथल्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांच्या सहकार्यातून. गावातल्या मुलांना घराजवळ शिक्षण मिळाले, हे खरे. पण पहिली दोन वर्षे विद्यापीठाबाहेर काढावीत, हा विचारही हार्पर यांच्या मनात होता. १९४७ साली ट्रूमन आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ केले, त्यात लोकशाहीचा आशावाद भरला. (त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईत डॉ. आंबेडकरांनी काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले होते, नोकरदारांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग घेऊन. दोन्हींच्या तुलनेचा स्वतंत्र लेख व्हायला हवा.) आणि १९६० साली, म्हणजे क्लार्कच्या निबंधाच्याच वर्षी, कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाची बृहद्‌योजना केली : वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी एका विद्यापीठव्यवस्थेत, वरचे तेहतीस टक्के दुसरीत, आणि सर्वांसाठी कम्युनिटी कॉलेज. पुढे बदली घेऊन वर जाण्याची सोय कागदावर होती. जिन्याचे बांधकाम मात्र तीन वेगळ्या कंत्राटदारांकडे दिल्यासारखे झाले.

क्लार्कच्या निबंधात विद्यार्थी आहेत, पण ते बोलत नाहीत. ही उणीव माइक रोझ यांच्या १९८९च्या ‘लाइव्ह्ज ऑन द बाउंडरी’ या पुस्तकात भरून निघते. इटालियन स्थलांतरितांचा हा मुलगा दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये वाढला. हायस्कूलच्या प्रवेशचाचणीत त्याच्या गुणांची दुसऱ्या एका रोझ आडनावाच्या मुलाशी अदलाबदल झाली आणि तो दोन वर्षे ‘व्होकेशनल’ वर्गात बसला. जीवशास्त्राच्या शिक्षकाला शंका आली म्हणून चूक उघड झाली. रोझ हा किस्सा रंगवत नाहीत. त्या वर्गात आपण हळूहळू ढ कसे होत गेलो, एवढेच सांगतात. माझ्या मते संपूर्ण विषयावर याहून भेदक पाने नाहीत. पुढे शिक्षक झाल्यावर ते कच्च्या विद्यार्थ्यांच्या चुका अशा वाचतात, जशा आपण एखाद्या अवघड कवीच्या ओळी वाचतो : इथे काहीतरी विचार आहे, तो कोणता?

आणि चाचणीची चूक ही केवळ रोझ यांची दुर्दैवी कहाणी नव्हती. २०१२च्या सुमारास कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील संशोधकांनी दाखवले की, प्रवेशचाचण्यांमुळे गणितात सुमारे चौघांतला एक आणि इंग्रजीत तिघांतला एक विद्यार्थी फारच चुकीच्या वर्गात जात होता. शाळेतले गुण पाहिले असते तर अंदाज अधिक बरोबर आला असता. २०१७ साली कॅलिफोर्नियाने एबी ७०५ हा कायदा करून कॉलेजांना ते गुण विचारात घ्यायला लावले. क्लार्कच्या यंत्राचा पहिलाच दाता मोडला म्हणायचा, पण अर्धशतकाहून अधिक काळानंतर.

त्याच टीचर्स कॉलेजमधून २०१५ साली थॉमस बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेंकिन्स यांचे ‘रिडिझायनिंग अमेरिकाज कम्युनिटी कॉलेजेस’ हे पुस्तक आले. आज या क्षेत्रातला प्रत्येक जण याच पुस्तकाची भाषा बोलतो. त्यांचे म्हणणे असे की, कॉलेज हे कॅफेटेरियासारखे झाले आहे. शेकडो विषय मांडून ठेवले आहेत, कोणी काय घ्यावे हे सांगणारा नाही. मुले भलतेच विषय घेतात, ते पुढच्या विद्यापीठात धरले जात नाहीत, पैसा आणि वर्षे वाया जातात. त्याऐवजी आखीव मार्ग हवेत, आणि ते शिक्षक, समुपदेशक, शाळा, विद्यापीठे यांनी एकत्र बसून आखावेत. निदान पटणारे आहे. दोष विद्यार्थ्याच्या माथ्यावरून उचलून रचनेवर ठेवणे, हे या पुस्तकाचे मोठे काम.

माझा आक्षेप दोन ठिकाणी आहे. एक म्हणजे, मार्ग आखणारा आणि समजूत काढणारा यांत फरक कसा करायचा, हा प्रश्न या पुस्तकाला पुरेसा छळत नाही. काळ्या किंवा लॅटिनो मुलीला प्रेमाने नर्सिंग-साहाय्यकाच्या मार्गावर नेऊन बसवणे हेही ‘मार्गदर्शन’च. दुसरे म्हणजे ‘सहकार्य’ हा शब्द. आपल्याकडे सहकार म्हटले की साखर कारखाना आठवतो, त्यामुळे कागदावरचे सहकार्य आणि प्रत्यक्षातले यांतले अंतर आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही. पुस्तकात सहकार्य करतात त्या संस्था. विद्यार्थी एकमेकांशी करतात ते कुठे आहे?

ते सापडते यूरी ट्राइसमन यांच्या कामात. सत्तरच्या दशकात बर्कलीत काळे विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये का नापास होतात, असे त्यांनी सहकाऱ्यांना विचारले. उत्तरे ठरलेली : तयारी नाही, जिद्द नाही, घरचे वातावरण नाही. मग ट्राइसमन मुलांच्या मागे फिरले. काळी मुले नेटाने, पण एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुले संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांची गणिते तपासत होती. त्यांनी कार्यशाळा काढली, आणि तिथे सोपी नव्हे, अवघड गणिते ठेवली. निकाल बदलला. विद्यापीठातला हा धागा पुढे कम्युनिटी कॉलेजांतल्या गणितसुधारणेपर्यंत पोहोचला.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ साली सुरू केलेली ‘एसॅप’ योजना तर याहून साधी. फी भरून उरलेली तूट माफ, पुस्तकांना मदत, बस-मेट्रोचा पास, आणि सुरुवातीच्या वर्षांत शेकडो नव्हे तर साठ-ऐंशी विद्यार्थ्यांमागे एक सल्लागार. सोडत पद्धतीने केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले. ओहायोतही जवळपास तसेच घडले. एसटीचा पास मिळेनासा झाला की कोणत्या मुली घरी बसतात हे पाहिलेल्याला यात नवल वाटणार नाही. मात्र योजनेत यायचे तर पूर्णवेळ शिकायची अट आहे. दिवसभर दुकानात उभे राहून संध्याकाळी एकच विषय घेणारी आई तिच्या बाहेरच राहते.

इथेही शेजारी एक माणूस बसलेला आहेच. फरक एवढा की, त्याला विद्यार्थ्याचे नाव ठाऊक आहे आणि तो पुढच्या पंधरवड्यात पुन्हा भेटणार आहे.

शिकवणाऱ्यांचे मात्र तसे नाही. या कॉलेजांतले सुमारे दोन-तृतीयांश अध्यापक अंशकालीन आहेत. कॅलिफोर्नियात त्यांना महामार्गावरचे उडते पाखरू अशा अर्थाचे टोपणनाव आहे : सकाळी एका कॉलेजात, दुपारी चाळीस मैलांवर दुसऱ्यात, गाडीच्या मागच्या सीटवर तपासायचे पेपर. पगार तासिकेवर. अभ्यासक्रम एकत्र बसून आखा, असे बेली आणि सहकारी सांगतात तेव्हा ती बैठक गुरुवारी दुपारी तीनला असते, आणि त्या तासाचे पैसे कोणत्या खात्यातून द्यायचे हे अजून ठरायचे असते.