‘विशिष्ट’ हे विशेषण आणि धातूंची ओळख

उष्णतेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात एक प्रयोग रूढ आहे. अज्ञात धातूचा तुकडा उकळत्या पाण्यात तापवून कॅलरीमापीतील थंड पाण्यात सोडावयाचा, मिश्रणाचे अंतिम तापमान पाहून विशिष्ट उष्णता काढावयाची आणि कोष्टकात जुळणारा आकडा शोधून धातूचे नाव लिहावयाचे. यातील गणित निर्दोष आहे. शंकास्पद आहे ती शेवटची पायरी, आणि तिच्या मुळाशी काही अंशी परिभाषा आहे.

शास्त्रात ‘विशिष्ट उष्णता’ म्हणजे एक ग्रॅम पदार्थाचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता. येथे ‘विशिष्ट’ हे पद ‘एकक वस्तुमानामागे’ एवढेच सांगते. व्यवहारातील मराठीत मात्र त्याला ‘अमुक एकाचेच’ अशी छटा आहे. त्यामुळे हा गुण म्हणजे धातूची जणू अंगखूणच, असा समज सहज दृढ होतो. परंतु प्रत्येक धातूला एक मूल्य असते, या विधानावरून प्रत्येक मूल्याला एकच धातू असतो, हे विधान निघत नाही. ‘कर’ हा शब्द ऐकून हात की सारा हे ठरत नाही, संदर्भ लागतो. तसेच येथे आहे.

कोष्टकच साक्ष देते. तांब्याचे मूल्य ०.०९२, जस्ताचे ०.०९३, सोन्याचे व शिशाचे दोहोंचे सुमारे ०.०३१. शंभर अंशांवरील शंभर ग्रॅम तांबे पंचवीस अंशांवरील शंभर ग्रॅम पाण्यात सोडले आणि इतर उष्णताव्यय बाजूस ठेवला, तर अंतिम तापमान सुमारे ३१.३ अंश येते. तांब्याऐवजी जस्त घेतल्यास पडणारा फरक एका अंशाच्या दशांशाहूनही कमी असतो. वाचनात अर्ध्या अंशाची चूक झाली, तर तांब्याचे मूल्य ०.०८४ ते ०.१०० यांच्या दरम्यान कोठेही येईल. म्हणजे ०.१०७ मूल्याचे लोखंड वगळता येईल, जस्त नव्हे.

याचे कारण डुलाँ व पेती यांनी १८१९ मध्ये मांडलेल्या नियमात आहे. बहुतेक घन मूलद्रव्यांत अणुभार व विशिष्ट उष्णता यांचा गुणाकार सुमारे ६ येतो. अर्थात हा प्रयोग धातूची जात सांगत नाही. तो अणुभाराचा अंदाज देतो. अणुभार जवळचे, तेथे मूल्येही जवळची.

या मर्यादेतच त्याचे खरे सामर्थ्य आहे. १८६३ मध्ये फ्रायबर्ग येथे राइख व रिख्टर यांनी इंडियम ओळखले ते वर्णपटातील रेषेवरून. त्याचा अणुभार प्रथम सुमारे ७५.६ मानला गेला. १८७० मध्ये बुन्सेनने बर्फ-कॅलरीमापीने त्याची विशिष्ट उष्णता ०.०५७ अशी मोजली. जुन्या अणुभाराने गुणाकार ४.३ येतो, तोच दीडपट, म्हणजे ११३.४ धरल्यास ६.५ येतो. आजचा स्वीकृत अणुभार ११४.८ आहे. ओळख अगोदरच झाली होती. विशिष्ट उष्णतेने त्या ओळखीतील चूक दुरुस्त केली.

तेव्हा विद्यार्थ्याच्या वहीतील ‘धातू तांबे आहे’ हे वाक्य बदलावयास हवे. ‘धातू लोखंड नाही; तांबे, जस्त किंवा पितळ असू शकेल’ एवढेच हा प्रयोग म्हणू देतो. पुढील निर्णयासाठी घनतेसारखा दुसरा गुण साक्षीस बोलवावा लागतो. सोन्याची घनता १९.३ व शिशाची ११.३ असल्याने, उष्णतेला न सुटणारे कोडे तराजू सोडवितो. पुराव्याहून मोठे क्रियापद न वापरणे हा केवळ शैलीचा नियम नव्हे. तो शास्त्राचाही आहे.