पडद्यावरचा सबक

सिनेमा पाहावा की पाहू नये, हा आपल्या घरांतून अजूनही वादाचा विषय आहे. बुजुर्ग मंडळी सिनेमाच्या नावाने नाक मुरडतात आणि तीच मंडळी रात्री मालिकेच्या वेळी कोणी टीव्हीसमोर उभे राहिले की ओरडतात. आता तर मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आला. त्यामुळे पाहावे की नाही हा प्रश्न मागे पडला. काय पाहावे आणि पाहिलेल्यातून काय घ्यावे, एवढाच प्रश्न उरला आहे.

आम्ही वाशीम जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. उर्दूत ‘सबक’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पुस्तकातला धडा तो सबक आणि ठेच लागून मिळते ते शहाणपण, तोही सबकच. मुलांना धड्याखाली तात्पर्य शोधायची सवय असते. सिनेमाबद्दल विचारले तरी ती नायकाचे शेवटचे भाषण सांगतात. आम्हांला मात्र वाटते की चांगल्या चित्रपटाचा सबक भाषणात नसतो. कोण कोणासाठी काय काम करतो आणि त्या कामाची दखल कोण घेतो, यात तो असतो.

नागेश कुकुनूर यांचा ‘इक्बाल’ २००५ साली आला. आमच्या आवडत्या चित्रपटांत त्याचा नंबर पहिला. खेड्यातला, ऐकू-बोलू न शकणारा शेतकऱ्याचा मुलगा वेगवान गोलंदाज होतो, एवढीच गोष्ट. श्रेयस तळपदे या मराठी नटाने एकही शब्द न उच्चारता ती उभी केली. या घरात नमाजी मुसलमान दाखवण्यासाठी मुद्दाम टोप्या आणि शेरवान्या आणलेल्या नाहीत. बापाला शेतीची आणि कर्जाची चिंता आहे, आईला क्रिकेटचे वेड आहे, दारात म्हशी आहेत. सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या आमच्या भागातल्या प्रेक्षकाला हे घर परके वाटत नाही. मुसलमान असणे हा या घराचा प्रश्न नाही, ते फक्त त्या घराचे नाव-गाव आहे.

पण चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिला की लक्ष इक्बालवरून सरकते आणि त्याच्या बहिणीवर, खदीजावर, जाऊन थांबते. भावाच्या खुणा जगाच्या भाषेत आणणारी ती. अकादमीच्या गुरुजींसमोर त्याची बाजू मांडणारी ती. दारूत बुडालेल्या मोहितला गुरू व्हायला भाग पाडण्यातही तिचा वाटा आहे. आमच्या वर्गात अशा किती तरी खदीजा बसतात. त्या घरी एक भाषा बोलतात, शाळेत उर्दू लिहितात आणि बँकेत किंवा तलाठ्याकडे अम्मीच्या वतीने मराठीत अर्ज भरतात. दहा-बारा वर्षांची मुलगी सगळ्या घराची दुभाषी असते. तिच्या या हुशारीला गुण देणारी परीक्षा नाही.

इथेच आमची ‘इक्बाल’विषयीची तक्रार आहे. चित्रपट संपतो तेव्हा भावाचे काय झाले ते कळते, बहिणीचे पुढे काय हे कळत नाही. आपल्या घरांतही हेच घडते. मुलाच्या शिक्षणासाठी शेत गहाण पडते, आणि मुलीने सातवी-आठवी केली की ‘पुढची शाळा लांब आहे’ हे कारण पुरेसे होते. दिग्दर्शकाने नकळत का होईना, आपल्या समाजाचा आरसाच दाखवला.

दोन वर्षांनी, २००७ साली, ‘चक दे इंडिया’ आला. पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी हुकली म्हणून कबीर खान गद्दार ठरतो. त्याला आईसह घर सोडावे लागते. सात वर्षांनी तो मुलींच्या हॉकी संघाचा प्रशिक्षक होऊन परततो आणि विश्वचषक जिंकून देतो. मुलांना हा चित्रपट फार आवडतो, आम्हांलाही आवडतो. शिक्षक म्हणून त्याची शिस्त आणि मुलींवरचा भरवसा घ्यावा असाच आहे. तरीही एक प्रश्न मनात राहतो. ज्याच्याकडे विश्वचषक नाही त्या सामान्य माणसाने काय करायचे? पंक्चर काढणाऱ्याने, बांगड्या विकणाऱ्याने, बाजारात कपड्याची पाल मांडणाऱ्याने आपले इमान कोणत्या मैदानावर सिद्ध करायचे?

या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच एका चित्रपटाने देऊन ठेवले होते. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. इस्मत चुगताई यांची कथा; पटकथा कैफी आझमी आणि शमा झैदी यांची. आग्र्याचे सलीम मिर्झा जोडे बनवतात. फाळणीनंतर भाऊ पाकिस्तानात जातो, हवेली हातची जाते. बँक कर्ज देत नाही, भाड्याने घर मिळत नाही, मुलगी जीव देते. बलराज साहनींनी हा माणूस असा उभा केला की तो कुठेही दयेची भीक मागत नाही. चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच, १९७३ साली, साहनी गेले. शेवटी मिर्झा स्टेशनकडे निघालेले असतात. वाटेत रोजगार मागणारा मोर्चा दिसतो. तरुण मुलगा सिकंदर त्यात शिरतो आणि मागोमाग बापही टांग्यातून उतरतो. मिर्झा काही जिंकत नाहीत. इतरांच्या भुकेत स्वतःची भूक मिळवतात आणि इथलेच होऊन राहतात. इथे राहायला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही, हा यातला सबक.

सईद मिर्झांच्या ‘नसीम’मध्ये (१९९५) हीच गोष्ट आणखी हळुवारपणे येते. काळ १९९२चा, शहर मुंबई. पंधरा वर्षांच्या नसीमला आजारी आजोबा जुने किस्से ऐकवतात. आजोबा झालेत खुद्द कैफी. फाळणीच्या वेळी आपण का गेलो नाही, याचे त्यांनी दिलेले कारण एका झाडाचे आहे. ते झाड आजीला आवडायचे! देशप्रेमाची एवढी साधी व्याख्या आम्ही कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. ६ डिसेंबरला आजोबा जातात. नसीमजवळ उरतात त्या गोष्टी.

छोट्या पडद्याचीही एक आठवण सांगायला हवी. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने जुने ‘महाभारत’ पुन्हा दाखवले. आमच्या पिढीने ते खऱ्या अर्थाने तेव्हाच पाहिले. त्याचे संवाद गाझीपूरच्या राही मासूम रझांचे आहेत, हे वर्गात सांगितले तेव्हा मुलांना खरे वाटेना. ‘आधा गाँव’ लिहिणाऱ्या या लेखकाने ‘समय’ला बोलते केले आणि देशाने ते कान देऊन ऐकले. भाषा ज्याने कमावली त्याची ती होते. मराठीच्या पेपरला घाबरणाऱ्या आमच्या मुलांना याहून चांगला दाखला आम्हांला सापडलेला नाही.

आणि मराठी पडदा? तिथे आपला माणूस फार कमी दिसतो. राजन खान यांच्या कथेवर शिवाजी लोटन पाटील यांनी ‘हलाल’ काढला, तो २०१७ साली आला. तलाक आणि पुन्हा निकाह या फेऱ्यात सापडलेल्या बाईची ही गोष्ट. तिच्या भविष्याचा निवाडा सगळे करतात, फक्त तिला कोणी विचारत नाही. काहींना हा चित्रपट रुचला नाही. पण घरातले दुखणे घरच्याच लेखकाने मराठीत सांगितले, याचे मोल मोठे आहे. बाहेरच्याने सांगितले की आरोप वाटतो. आपल्याने सांगितले की निदान बसून बोलता येते.

म्हणून शेवटी दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पालक आणि शिक्षकांनी मुलांबरोबर बसून चित्रपट पाहावेत आणि तात्पर्य विचारू नये. ‘यात सगळ्यांत जास्त काम कोणी केले आणि त्याला काय मिळाले?’ एवढेच विचारावे. उत्तरे ऐकून आपणच चकित होऊ. दुसरी गोष्ट आपल्या लेखकांसाठी. कारंजा, मंगरुळपीर, रिसोडच्या गल्ल्यांत खदीजा रोज दप्तर घेऊन जातात आणि एक दिवस यायच्या थांबतात. त्यांचे पुढे काय झाले, ही कथा अजून कोणी लिहिलेली नाही. ती आधी कागदावर आली पाहिजे. पडद्याचे नंतर पाहू.