एका घरगुती प्रयोगाचं परीक्षण

नाटकाच्या परीक्षणात आधी कथानक सांगून जागा भरायची आणि शेवटच्या ओळीत 'नेपथ्य ठीक' म्हणून मोकळं व्हायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. ती मला पाळता येत नाही. कारण ज्या प्रयोगाचं हे परीक्षण, त्याचं कथानक एका वाक्यात संपतं : आतल्या खोलीतल्या संगणकातली फिल्म बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीवर दिसावी. अंतर 16 फूट. चालत गेलं तर आठ पावलं. फिल्मला लागले तीन आठवडे.

संहिता 1991 सालची, धाकट्या आत्याच्या लग्नाची. व्हीएचएस कॅसेटला बुरशी धरू लागली, तेव्हा एका दुकानात देऊन तिची फाईल करून आणली होती. तासाभराची फिल्म, 13 जीबी वजन. आईची फर्माईश एवढीच, "त्यात हे आहेत कुठंतरी. मोठ्या टीव्हीवर दाखव की एकदा." हे म्हणजे आमचे नाना. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. फोटोला उभं राहायचं म्हटलं की त्यांना नेमकं बाहेरचं काम आठवायचं. त्यामुळे ते हलताना-बोलताना दिसतील असा पुरावा घरात हा एकच.

"पेनड्राइव्हवर घालून लावा ना," असं चिरंजीव म्हणाले. फॅट-32 पद्धतीच्या पेनड्राइव्हवर 4 जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही, हे त्यांना आणि मला एकाच वेळी कळलं. तेव्हा घरच्या वायफायवरूनच प्रयोग लावायचं ठरलं.

पहिला अंक डीएलएनएचा. 2003 साली बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन हे मंडळ काढलं. 2017 साली मंडळ बरखास्त झालं, पण त्याचे नियम टीव्हीच्या पोटात राहिले. सहकारी सोसायट्यांत आपण हे पाहतोच. या नियमांनुसार टीव्ही घरात हाळी देतो, 'कुणाकडे दाखवण्यासारखं काही आहे का?' संगणक ओ देतो आणि यादी पुढे करतो. इथवर प्रयोग रंगला. यादीत 'आत्या लग्न' हे नाव पडद्यावर उमटलं तेव्हा आईनं चष्मा पुसला. बटण दाबलं, आणि टीव्हीनं ही फाईल चालत नाही असं सांगून पडदा पाडला. दोष तसा कुणाचाच नाही. फाईल डीव्ही या कॅमेऱ्यांच्या जुन्या बोलीतली, आणि आमचा टीव्ही शिकला एच.264 ही नंतरची भाषा. नातवाशी आजोबा मोडी लिपीतून बोलू लागले तर दुसरं काय होणार?

दुसऱ्या अंकात दुभाष्या आला. जेलीफिन हा फुकट मिळणारा प्रोग्राम (जन्म 2018) एका बाजूनं जुनी बोली वाचतो आणि लगोलग टीव्हीला समजेल अशा भाषेत सांगत जातो. दुभाष्या हुशार, पण बसायला त्याला आमचा दहा वर्षांचा संगणक. पंख्यानं पिठाच्या गिरणीचा आवाज धरला. त्यात पाहुणे मांडवात शिरतात न शिरतात तोच सौ.नं आमटी गरम करायला मायक्रोवेव्ह लावला. ही भट्टी आणि आमचं वायफाय एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्टीत नांदतात. आत्या अंतरपाटामागे गोठली आणि आमटी गरम होईपर्यंत गोठलेलीच राहिली.

चिरंजीव म्हणाले, "आपलं कनेक्शन 50 एमबीपीएसचं आहे!" इथं परीक्षकाला दोन मुद्दे नोंदवणं भाग आहे. एक, घरातल्या घरात फिल्म नेताना बाहेरच्या कनेक्शनचा संबंधच येत नाही. दोन, या जाहिरातींतला वेग बिटांचा असतो आणि फाईलचं वजन बाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे गल्ल्यातल्या चवल्या मोजायच्या आणि आकडा रुपयांसारखा सांगायचा! आमच्या काउंटरवर हे केलं असतं तर संध्याकाळी घरी सोडलं नसतं.

तिसऱ्या अंकात मी हट्ट सोडला. दुभाष्याला प्रेक्षकांसमोर घाम फोडण्यापेक्षा रात्रीतून सबंध भाषांतरच करवून घेतलं. व्हीएचएसमध्ये सेकंदाला 50 अर्धी चित्रं असतात. ती सांधली नाहीत तर माणूस हलला की त्याच्या कडांना फणीचे दात फुटतात. तेही सांधून घेतलं. सकाळी 13 जीबीचे 2 जीबी झाले. वायफायच्या भानगडीत न पडता संगणकापासून टीव्हीपर्यंत वायर ओढली. ती सोफ्याखालून जाते आणि केरसुणीला अडते. नेपथ्य ठीक.

आणि 42 व्या मिनिटाला नाना आले. पंगतीत, हातात जिलब्यांचं ताट. एका गृहस्थांनी पानावर आडवा हात धरला, नानांनी बोटांच्या फटीतून जिलबी सोडली आणि हसून काहीतरी म्हणाले. आवाज बँडमध्ये बुडालेला. आई म्हणाली, "'एकानं काय होतंय' म्हणतायत." ओठांवरून वाचलं तिनं. एकूण भूमिका 11 सेकंदांची.

"थांबव," आई म्हणाली. थांबवलं. ती बघत बसली. पाच मिनिटांनी टीव्हीनं आपल्या हुशारीनं नाना पुसले आणि परदेशातलं एक निळंशार तळं दाखवलं. "अरे, हे कुठं गेले?" आई दचकून उठली. मी बटण दाबलं. नाना जिलबीसह परत.

आता गुणदोष. महिन्याचे पैसे भरून आपण जे बघतो ते सुरळीत चालतं, पण परवाना संपला की कालची फिल्म आज नाहीशी होते आणि कुणी नोटीसही देत नाही. घरचा प्रयोग अडखळतो, पण आपली फिल्म आपल्याला विचारल्याशिवाय जात नाही. माझं मत घरच्या पारड्यात.

चिरंजीवांनी सुचवलं, "आता ती 13 जीबीची फाईल उडवू या, जागा होईल." मी नाही म्हटलं. कितीही सुबक नक्कल असली तरी मूळ व्हाउचर फाडायचं नसतं. हिशेब केला : नानांचे 11 सेकंद मूळ फाईलमध्ये 40 एमबी, नव्यात 6. फरकाचे 34 एमबी कुठले, ते मला सांगता येत नाही. असू देत.

नाट्यगृह सोडताना आईनंही आपलं परीक्षण दिलं. माझ्यापेक्षा ते थोडक्यात आणि नेमकं आहे.

"कॅमेरावाल्याला काही कळत नव्हतं," ती म्हणाली. "नवरीकडे काय बघायचंय एवढं?"