दुष्काळाचा निर्देशांक आणि उपग्रह-कॅमेऱ्याचे अंशशोधन

उपग्रहावरील कॅमेऱ्याची योग्यता सांगावयाची झाली म्हणजे प्रथम मीटरांचा आकडा पुढे केला जातो. १९८८ च्या आयआरएस-१ए वरील लिस-१ कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जमिनीवर ७२.५ मीटरांचा होता; २००३ च्या रिसोर्ससॅट-१ वरील लिस-४ चा ५.८ मीटरांचा, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश गुंठ्याचा. प्रगती निःसंशय मोठी. परंतु पिक्सेल लहान झाल्याने त्यात नोंदलेला प्रकाश खरा ठरत नाही, आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यापुरते पाहता हा दुसरा प्रश्नच अधिक निकडीचा आहे.

२०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेत पर्जन्यमानानंतर ज्या निर्देशकांचा विचार होतो, त्यांत उपग्रहावरून काढलेला वनस्पती-स्थिती निर्देशांक येतो. यंदाची हिरवळ मागील वर्षांच्या किमान व कमाल हिरवळीशी ताडून तो शंभरात मांडतात. ४० च्या खाली स्थिती वाईट, ४० ते ६० मध्यम. समजा, पाथर्डी किंवा कर्जतसारख्या तालुक्यात तांबड्या प्रकाशाचे परावर्तन ०.१२ व निकट-अवरक्ताचे ०.२५ आहे. वजाबाकीस बेरजेने भागले असता ०.३५ येते, पूर्वीची किमान व कमाल मूल्ये ०.२० व ०.६० धरल्यास निर्देशांक सुमारे ३८ होतो. आता तांबड्या पट्ट्याची संवेदनशीलता ५ टक्क्यांनी उतरली, तर कॅमेरा ०.११४ दाखवील आणि निर्देशांक ४३ वर जाईल. बाजरी होती तितकीच करपलेली; तालुका मात्र ‘वाईट’मधून ‘मध्यम’मध्ये गेला! प्रत्यक्ष पाहणीही होते, हे मान्य; पण पाहणीपूर्वीच आकडा आपले मत देऊन बसलेला असतो.

लिस कॅमेऱ्यांत अंशशोधनासाठी दिवे बसविलेले असतात. त्यांचा प्रकाश थेट संवेदकावर पडतो, भिंगांतून जात नाही. भिंगे मंदावल्याचे त्यांस कळावे कसे? म्हणून जमिनीवरील ज्ञात पृष्ठभागाचा आधार घेतात, व आपल्याकडे कच्छच्या रणाचा उपयोग झाला आहे. विस्तीर्ण, सपाट व उजळ क्षारभूमी या कामास उत्तमच. आमचा आक्षेप वेगळा आहे. तिचे परावर्तन ०.५ मानले तर ०.००६ ची स्थिर चूक तेथे एक टक्क्याहून थोडी अधिक, म्हणजे सहज दृष्टिआड होण्याजोगी. बाजरीच्या शेतावर तीच चूक ५ टक्के होते. उजळ टोकास जुळविलेले माप काळ्या टोकासही जुळते, हे गृहीत धरावयास आधार नाही.

प्रतिमेच्या तीक्ष्णतेविषयी एवढेच की, राहुरी-श्रीरामपूरकडे कालव्याच्या उसाला लागून कोरडवाहू शेत असते, आणि उसाचा उजेड शेजारच्या पिक्सेलात सांडतो. जलाशयाच्या सरळ बांधाच्या धारेवर हा फैलाव मोजता येतो.

काळ्या जमिनीसाठी संदर्भक्षेत्र दूर शोधावयास नको. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरातील नांगरून पडीक ठेवलेला एखादा विस्तृत तुकडा एप्रिल-मेमध्ये, उपग्रह माथ्यावरून जाण्याच्या वेळी, वर्णपटमापकाने मोजावा. हवेतील धुळीची नोंद त्याच वेळी घ्यावी, आणि हे दरवर्षी व्हावे. वळवाची एक सर पडली तरी ही माती अधिक काळवंडते. तेव्हा मोजणी त्यापूर्वी उरकावयास हवी.