मूकपटाच्या शेजारी बोलणारा माणूस

नाशिकमध्ये फाळक्यांवर बोलायचं तर पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या स्मारकापासून सुरुवात करायची, असा आपल्याकडे प्रघात आहे. आज मी तो मोडतो. मला एका प्रयोगाबद्दल बोलायचं आहे. पडद्यावर फाळक्यांचा १९१९चा ‘कालियामर्दन’, पडद्याच्या डाव्या हाताला हार्मोनियम आणि पखवाज, उजव्या हाताला एक निवेदक. मध्यंतरी एका सभागृहात हा कार्यक्रम पाहिला. पत्रिकेत त्याला ‘प्रायोगिक’ म्हटलं होतं, आणि मला जरा हसू आलं.

कारण हे सगळं आपल्याकडे होतंच की! पिंगुळीचे चित्रकथी एकेक चित्र पुढे धरत आणि गात-बोलत रामायण सांगत. कल्याणचे महादेव पटवर्धन १८९०च्या दशकात काचेवर रंगवलेली चित्रं कंदिलाच्या प्रकाशात पडद्यावर टाकत आणि सोबत संवाद, गाणी होत. त्याचं नाव शांबरिक खरोलिका. पुढे मूकपटांच्या काळात तबला-पेटीवाले पडद्यापाशी बसत, आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवी. मूकपट मुका असे तो डब्यात. थिएटरात तो कधीच मुका नव्हता.

पण एक फरक आहे, आणि तो लहान नाही. चित्रकथी आपल्या सोयीनं पुढचं चित्र काढतो. श्रोते रंगले तर थांबतो, कीर्तनकारासारखा आडवळणाला जातो. फिल्म थांबत नाही. त्या काळी निदान यंत्राचा दांडा हातानं फिरवत, त्यामुळे वेग थोडा मागेपुढे करता येई. आज तेही नाही. म्हणजे तीन जिवंत माणसं एका अशा साथीदाराबरोबर बसलेली, जो त्यांचं काहीच ऐकत नाही. पखवाजवाद्याची मला खरंच दया आली. सम कुठे येणार हे त्यानं नव्हे, शंभर वर्षांपूर्वीच्या कात्रीनं ठरवलेलं!

आता टीकेकडे येतो. ‘कालियामर्दन’ सुरू होतो तो फाळक्यांच्या मुलीच्या, मंदाकिनीच्या चेहऱ्यानं. ती कृष्ण झालेली आहे, पण आधी आपल्याला दिसते ती एक लहान मुलगी. राग, हसू, रडू असे भाव एकामागून एक दाखवते. मग त्याच चेहऱ्यातून कृष्ण येतो. मला विचाराल तर फाळक्यांची सर्वांत धीट कल्पना ही. देव दाखवण्याआधी ते सांगून टाकतात की ही माझी पोर आहे, आणि तरीही पुढे तुम्ही हात जोडणार आहात. इथे आमचे निवेदक काय करतात? ‘पहा, आता ती रागावली. पहा, आता हसली.’ अहो, आम्हाला दिसतंय ना! आनंदवर्धनानं वाच्य आणि व्यंग्य असा भेद केला तो काव्यासाठी. पण जे चेहरा सुचवतो ते शब्दानं सांगून टाकलं की काय उरतं, हे त्या दोन-तीन मिनिटांत सभागृहात बसून कळलं. शिकवताना इतकं सोपं उदाहरण मला कधी सापडलं नव्हतं.

माझे एक स्नेही तिथूनच निष्कर्ष काढून मोकळे झाले: निवेदन नकोच, चित्रपटाला त्याच्या शांततेत राहू द्या. मध्यंतरापर्यंत मीही त्यांच्याच बाजूचा होतो.

मग डोहाचा प्रसंग आला. फाळके इथे दोन जागा आलटून पालटून दाखवतात. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया, काठावर आक्रोश करणारं गोकुळ. निवेदकानं इथे वर्णन सोडलं आणि तो काठावरच्या माणसांच्या आवाजात बोलायला लागला. कुणाची तरी आई, कुणी म्हातारा, साधी घरगुती मराठी. पाण्याखालचं दृश्य आलं की तो गप्प. फक्त पेटीचा एक स्वर धरलेला. परत काठ आला की परत बोलणं. काठावरच्यांना दिसत नाही ते आपल्याला दिसतंय, हे मग आपोआप जाणवायला लागलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक मुलगा उभाच राहिला. कृष्ण फणीवर वर आला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या कुणासाठी होत्या, फाळक्यांसाठी, पखवाजासाठी की कृष्णासाठी, हे मला सांगता येणार नाही.

शब्द तोच, माणूस तोच. पहिल्या वेळी तो पडद्याकडे बोट दाखवत होता, दुसऱ्या वेळी पडद्यातल्या गर्दीत जाऊन उभा राहिला होता. स्नेह्यांना मी बाहेर आल्यावर हे सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तो मुलगा शांततेतही उभा राहिला असता. वाद अजून चालू आहे. तुमच्यापैकी कुणी तो प्रयोग पाहिला असेल, तर प्रश्नोत्तरांत जरूर सांगा.