यंत्र कोणाकडून शिकले?

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे प्रत्येक कर्करुग्णाला त्याच्यापुरता वेगळा उपचार मिळेल, असे आता वारंवार वाचायला मिळते. शिंप्याने अंगाचे माप घेऊन कपडा शिवावा, तसे काहीसे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. हा दावा थोडा तपासून पाहू.

आयबीएम कंपनीची ‘वॉटसन फॉर ऑन्कॉलॉजी’ ही प्रणाली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील तज्ज्ञांनी शिकवून तयार केली. बंगळूरच्या मणिपाल रुग्णालयाने ती वापरली. तेथील स्तनाच्या कर्करोगाच्या ६३८ रुग्णांबाबत तिचा सल्ला डॉक्टरांच्या मंडळाच्या निर्णयाशी ९३ टक्के जुळला, असे २०१८ साली प्रसिद्ध झाले. आकडा मोठा आहे, पण तो कशाचा? यंत्र आणि डॉक्टर यांच्या एकमताचा. रुग्ण अधिक जगले का, हे त्यातून कळत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतील ‘स्टॅट’ या वृत्तसंस्थेने कंपनीची अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. शिकवताना खऱ्या रुग्णांऐवजी मोजक्या, रचलेल्या उदाहरणांवर भर होता आणि काही सल्ले धोकादायक होते, असे त्यांत दिसले.

म्हणजे कल्पनाच पोकळ आहे का? तसे नाही. डॉ. मंजिरी बाकरे यांनी बंगळूरमध्ये स्थापन केलेल्या ऑन्कोस्टेम या संस्थेची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ ही चाचणी भारतीय रुग्णांच्या नमुन्यांवर विकसित झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट प्रकारात, तोही सुरुवातीच्या अवस्थेत, ती वापरतात. गाठीतील ५ प्रथिनांची तपासणी आणि गाठीचा आकार यांसारखी माहिती एकत्र करून संगणक रोग उलटण्याचा धोका सांगतो. धोका कमी असल्यास केमोथेरपी टाळण्याचा विचार करता येतो. मात्र उत्तर दोनच गटांत येते : कमी किंवा जास्त. म्हणजे हा शिंपी नव्हे. तयार कपड्यांतून त्यातल्या त्यात बरोबर माप काढून देणारा हा दुकानदार आहे. तेही मोलाचे आहे, पण आपल्या मापाचे कपडे दुकानात हवेत!

इथेच आपला संबंध येतो. मुंबईत १९६३पासून आणि बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७पासून कर्करोगाची नोंदणी चालते. २०२०च्या राष्ट्रीय अहवालातील २८ नोंदणी केंद्रांत नागपूर व वर्धा आहेत. अमरावती, अकोला नाहीत. बडनेऱ्याहून गाडीने मुंबईला उपचारासाठी गेलेला रुग्ण घरी परतल्यावर पुढे कसा राहिला, हे कोणी पाठपुरावा करून लिहिले तरच कळते. यंत्राला शिकण्यासाठी नेमकी हीच माहिती लागते. खर्रा खाणाऱ्या वऱ्हाडी माणसाच्या तोंडाचा कर्करोग न्यूयॉर्कच्या अनुभवावर शिकलेल्या यंत्राला कितपत ओळखीचा असेल?

वर्गात हे सहज दाखवता येईल. दहावीच्या वीस मुलांची उंची व वजन घेऊन आलेख काढा. त्यावरून पाचवीच्या मुलांची वजने वर्तवा आणि मग प्रत्यक्ष वजने करून पाहा. अंदाज कुठे आणि किती चुकले, ते विद्यार्थ्यांनाच शोधू द्या. पुढे एखाद्या यंत्राच्या यशाची टक्केवारी छापून आली, की ते आपणहून दोन प्रश्न विचारतील : हे यंत्र कोणाच्या नोंदींवरून शिकले? आणि ही टक्केवारी एकमताची आहे की बरे झालेल्या रुग्णांची?